नाथसागराच्या बॅकवॉटरला मुलांना वल्हवायला शिकवायचंय, सुरक्षेसाठी नेमकं काय काय लागतं?

गोदाकाठ_गंगापूर

नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाकडं फायबरच्या दोन वल्ह्याच्या होड्या आल्यात. प्रत्येकी १४ फूट लांब, मधोमध साडेचार फूट रुंद, वजन अंदाजे दीडशे किलो. गावाला लागूनच बॅकवॉटर आहे, म्हणजे जायकवाडी धरणाचं मागं पसरलेलं पाणी. दिवाळीच्या सुटीत १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना वल्हवणं शिकवायचा विचार आहे. पुढं जमलं तर उन्हाळ्यातही.

लाइफ जॅकेट आठ घेतलीत, सगळी एकाच मापाची, नारिंगी. लेबल पुसट झालंय. गावातली अर्धी पोरं विहिरीत पोहणारी, त्यामुळं "आम्हाला कशाला जॅकेट" असं म्हणायलेत. विचारायचं हे की एका होडीत किती जण बसवावेत, वारा किती असला की जाऊ नये, होडी उलटली तर काय करायचं, आणि आम्हाला न सुचलेलं असं आणखी काय बघावं? मोघम नको, आकड्यात सांगा. पालकांपुढं ठेवायचंय.

---

वल्हं_आणि_सुकाणू

पहिल्यांदा माणसांचं. २० फुटांखालच्या होडीला एक सोपा हिशेब चालतो: लांबी गुणिले रुंदी, दोन्ही फुटात, भागिले १५. तुमचे १४ गुणिले साडेचार म्हणजे ६३, भागिले १५ म्हणजे ४. शिकवणारा धरून चार, शिकवणारा सोडून चार नव्हे. आणि हा आकडा शांत पाण्याचा. सगळे बसल्यावर होडीच्या मधल्या भागात, जिथं काठ सर्वांत खाली असतो तिथं, पाण्यापासून काठापर्यंतची उंची टेपनं मोजा. एक फुटापेक्षा कमी भरली तर एक माणूस उतरवा.

आता फायबरबद्दल. लाकडाची होडी पाण्यानं भरली तरी तरंगत राहते. फायबर पाण्यापेक्षा जड असतं, आत हवेची बंद पोकळी नसेल तर भरलेली होडी सरळ तळाला जाते. तुमच्या होडीला बसायच्या फळ्यांखाली किंवा दोन्ही टोकांना बंद पेट्या असतील. त्यांना बोटानं टिचकी मारा, पोकळ आवाज यायला हवा. होडी हलवून आत पाणी डुचमळतंय का ऐका. पेटीला बूच असेल तर काढून उलटी करा. बऱ्याच होड्यांत या पेट्यांना केसाएवढी चीर गेलेली असते आणि आत पाच-सात लिटर पाणी साठलेलं असतं, कुणाला पत्ता नसतो.

पेट्या नसतील किंवा शंका असेल तर २० लिटरचे झाकण घट्ट बसणारे प्लास्टिकचे कॅन घ्या. एक कॅन साधारण २० किलो उचलतो. दीडशे किलोचं फायबर पाण्यात साठ-पासष्ट किलो भरतं. चार माणसं काठाला धरून लोंबकळली तर प्रत्येकी पाच किलो धरा, म्हणजे वीस. वर नांगर आणि बाकीचं सामान. एका होडीला सहा कॅन बांधा: दोन पुढं, दोन मागं, दोन मधल्या फळीखाली दोन्ही बाजूंना. नुसते कोंबू नका, पट्ट्यानं फळीला आवळून बांधा. सुटा कॅन होडी भरल्याबरोबर निघून जातो.

मग परीक्षा घ्या. कमरेएवढ्या पाण्यात होडी न्या, बादलीनं काठोकाठ भरा, चौघांनी बाहेरून काठ धरून पाय सोडून द्या. होडी सपाट तरंगली पाहिजे. एक टोक बुडून दुसरं वर उभं राहिलं तर कॅनची जागा बदला. हे केल्याशिवाय मूल बसवू नका.

वल्ही: साडेचार फूट रुंदीला साडेआठ फुटांच्या आसपास. दोन्ही मुठी समोर आणल्या की त्यांच्यात दोन-तीन बोटांचं अंतर उरलं पाहिजे, मुठी एकमेकींवर आदळता कामा नयेत. वल्हं ज्या कडीत फिरतं ती कडी दोरीनं होडीला बांधलेली हवी. कडी पाण्यात पडली की वल्ह्याचा उपयोग संपला. एक जास्तीचं वल्हं होडीत आडवं बांधून ठेवा.

आणि एक गोष्ट सुरुवातीलाच करून टाका. वल्हवणारा मागं तोंड करून बसतो, त्यामुळं "डावं मार, उजवं मार" म्हटलं की पोरांचा गोंधळ उडतो, नेमका घाईच्या वेळी. होडीच्या पुढच्या टोकाकडं तोंड करून उभं राहा. डाव्या बाजूच्या वल्ह्याच्या पात्याला लाल रंग द्या, उजव्या बाजूच्या पात्याला हिरवा. वल्हवणाऱ्याच्या उजव्या हातात लाल वल्हं येईल. मग हुकूम फक्त "लाल", "हिरवं", "दोन्ही" आणि "थांब". "थांब" म्हणजे दोन्ही पाती उभी करून पाण्यात रोवून धरायची. पहिल्या दिवशी हा एकच हुकूम वीस वेळा घोटून घ्या. मागच्या फळीवर पुढं तोंड करून एक जण कायम पाहारा ठेवणारा असावा, त्यानं वल्हवायचं नाही.

जॅकेटचं वेगळं लिहितो, तो विषय मोठा आहे.

---

वल्हं_आणि_सुकाणू

जॅकेट. लेबलवर ५०, १०० किंवा १५० असा न्यूटनचा आकडा असतो. १० न्यूटन म्हणजे ढोबळमानानं एक किलोची उचल. ५०चं जॅकेट पोहता येणाऱ्याला, तेही मदत जवळ असताना. ते शुद्ध हरपलेल्याचं तोंड वर करीलच असं नाही. न पोहणाऱ्या मुलाला १००चं, मानेमागं कॉलर असलेलं. तुमचं लेबल पुसलंय म्हणजे ते कुठल्या वजनाच्या माणसाचं आहे हेही कळायला मार्ग नाही. ४० किलोच्या मुलीला मोठ्या माणसाचं जॅकेट घातलं तर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर राहतं आणि मुलगी त्यातून खाली घसरते.

घरी तपासा. लोखंडी वजनं घ्या, किराणा दुकानात असतात ती. लोखंड पाण्यात जवळजवळ सातवा भाग हलकं होतं. म्हणून ५० न्यूटनसाठी ५ नाही, ६ किलो बांधायचं. १००साठी १२ किलो. जॅकेटला वजन बांधून हौदात सोडा आणि चोवीस तास तसंच ठेवा. पाच मिनिटं तर जुनी गादीसुद्धा तरंगते. दुसऱ्या दिवशी तळाला गेलेलं जॅकेट फेकून द्या, "शेतावर कामाला येईल" म्हणून ठेवू नका, कुणीतरी ते परत घालतं.

आतला फोम दाबून बघा. मऊ, रबरासारखा परत फुगणारा हवा. चुरचुर आवाज आला, दाणे लागले, तर आत थर्माकोल आहे. तो दोन-चार वेळा बसून-दाबून मोडतो.

अंगावर घातल्यावर सगळे पट्टे आवळा आणि दोन्ही खांदे धरून वर ओढा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ढिलं आहे. दोन पायांमधून जाणारा पट्टा नसेल तर दीड इंची नायलॉन पट्टी शिवून घ्या, शिंप्याला अर्ध्या तासाचं काम आहे. शेवटी मुलाला छातीएवढ्या पाण्यात पाय उचलून मागं रेलायला सांगा. तोंड पाण्याच्या वर राहिलं, मूल निवांत दिसलं, तर ते जॅकेट त्या मुलाचं. त्यावर मार्करनं नाव टाका.

वापरल्यावर साध्या पाण्यानं धुवून सावलीत वाळवा. आपल्याकडचं ऊन दोन उन्हाळ्यांत शिवण खाऊन टाकतं. बसायला उशी म्हणून वापरू देऊ नका.

पोहणाऱ्या पोरांना सांगा: विहिरीत चार हातांवर कड असते. बॅकवॉटरमध्ये कड अर्धा किलोमीटर असते, अंगात पॅंट-शर्ट असतो, आणि तुम्ही उडी मारलेली नसते, पडलेले असता. पडताना वल्ह्याची मूठ किंवा होडीचा काठ डोक्याला लागला तर पट्टीचा पोहणाराही काही करू शकत नाही. जॅकेट नाही तर होडी नाही. शिकवणाऱ्यानंही घालायचं, नाहीतर पोरं ऐकणार नाहीत.

---

हवापाणी_संभाजीनगर

वाऱ्याबद्दल कुणी नीट सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितो.

नाथसागर म्हणजे गावतळं नव्हे. लांबी साधारण ५५ किलोमीटर, रुंदीला काही ठिकाणी २७. लाट किती उठणार हे वाऱ्याच्या वेगासोबत तो उघड्या पाण्यावरून किती अंतर वाहत आलाय यावर ठरतं. ताशी २५ किलोमीटरच्या वाऱ्यानं पाझर तलावात नुसत्या सुरकुत्या पडतात. तोच वारा नाथसागरावर पंधरा किलोमीटर धावला की दीड-दोन फुटांची लाट उठते. तुमच्या होडीचा काठ पाण्यापासून एक फूट वर आहे. हिशेब लागला ना?

पाण्यावर लांब कुठंतरी पांढरे फेसाळ ठिपके दिसू लागले की वारा ताशी १५च्या वर गेलाय. सगळीकडं पांढरं दिसायला लागलं की वीसच्या वर. शिकाऊ होडीसाठी नियम: पहिला पांढरा ठिपका दिसला की परत फिरायचं, दुसऱ्याची वाट बघायची नाही. मोबाईलवर वाऱ्याचा अंदाज बघा, पण त्यात झोताचा, म्हणजे मध्येच येणाऱ्या जोराच्या वाऱ्याचा आकडा वेगळा असतो, तो बघा.

फसवा वारा कोणता? काठाकडून आत वाहणारा. तुम्ही काठावर उभे असता, पाठीमागं झाडं-घरं असतात, पाणी आरशासारखं दिसतं. दोनशे मीटर आत गेलं की आडोसा संपतो आणि वारा होडीला खोल पाण्याकडं ढकलतो. नवखा माणूस ताशी ३-४ किलोमीटर वल्हवतो. समोरून २०चा वारा आला तर तो एक-दीडवर येतो, आणि पंधरा मिनिटांत हात भरून येतात. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि दमल्यावर वाऱ्याबरोबर परतायचं. वारा काठाकडून आत असेल तर त्या दिवशी काठाला समांतर, ५० मीटरच्या आत.

लाटेत सापडलात तर होडी आडवी करू नका. आडव्या होडीत पहिली लाट पाणी टाकते, त्यानं होडी जड होते, काठ खाली जातो, दुसरी लाट आणखी टाकते. नाक लाटेच्या तोंडावर, किंचित तिरकं. सगळे खाली तळावर बसा, फळीवर नको. एक जण वल्हवेल, एक जण उपसेल. उपसायला पाच लिटरचा तेलाचा कॅन तिरका कापून दोरीनं बांधून ठेवा. डबा असतो, पण तो कधीच हाताशी नसतो.

वेळ: सकाळी साडेसहा ते साडेनऊ. जमीन तापली की अकराच्या पुढं झोत सुरू होतात, उन्हाळ्यात तर रोजच. दिवाळीनंतर डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुकं असतं. पाचशे मीटरवरचं झाड दिसत नसेल तर धुकं उठेपर्यंत थांबायचं, कारण वल्हवणाऱ्याची पाठ पुढं असते आणि सकाळी मासेमारीच्या होड्या फिरत असतात.

वीज. मराठवाड्यात एप्रिल ते जून आणि परत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर ढग चढतात. उघड्या पाण्यावर सर्वांत उंच तुम्हीच असता. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला म्हणजे ढग दहा किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा तुम्ही काठावर असायला हवं होतं. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं पाण्यात परत नाही. काठावर आल्यावर बाभळीखाली उभं राहू नका, पक्क्या घरात किंवा बंद गाडीत बसा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनवर ठेवा. ते २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातल्या विजा दाखवतं.

उन्हाळ्यात घेणार असाल तर पाण्यावरून परतणारं ऊन धरा. माणशी एक लिटर पिण्याचं पाणी, टोपी, पूर्ण बाह्या. ओआरएसची पाकिटं नसतील तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजानं टाकू नका.

---

गोदाकाठ_गंगापूर

फारच कामाचं. कॅनचा हिशेब तर कुणीच सांगितला नव्हता. दोन प्रश्न आणखी. एका पालकानं सुचवलंय की मुलांच्या कमरेला दोर बांधून होडीला बांधावं, म्हणजे पडलं तरी हरवणार नाही. आणि गावातली पोरं मासेमारीच्या चप्पूवर बसून मागं मागं येतात, त्यांचं काय करावं?

---

वल्हं_आणि_सुकाणू

बांधणं अजिबात नको. होडी उलटली की दोर तिच्याखाली अडकतो आणि मूल उलट्या होडीखाली ओढलं जातं. दोर बांधायचाच तर होडीच्या काठाला बाहेरून चारी बाजूंनी झालरीसारखा बांधा, हात घालून धरायला. पालकांना ही झालर दाखवा, त्यांचंही समाधान होईल.

---

भोईगल्ली

चप्पूचं मी सांगतो. थर्माकोलचे तुकडे ताडपत्रीत गुंडाळून केलेला चप्पू बुडत नाही हे खरं, पण तो उलटतो. त्याला काठ नाही, तळाला वजन नाही. जाळं ओढणारा माणूस मधोमध बसून, वजन सांभाळून चालवतो. दोन पोरं एका बाजूला सरकली की कलंडलाच. वर चढायला धरायला काही नाही, ओली ताडपत्री निसटते. आणि पेट्रोल लागलं की थर्माकोल विरघळतो, म्हणून इंजिनच्या होडीला बांधून ठेवलेल्या चप्पूत आतून भोकं पडलेली असतात, वरून दिसत नाहीत. शिकवणी चालू असताना चप्पू पाण्यात नको, एवढं पोरांच्या घरी जाऊन सांगा. काहिलीतून, म्हणजे गूळ करायच्या मोठ्या कढईतून, नदी पार करतात तेही याच मापाचं, गोल बुडाची काहील वल्हं मारलं की जागेवरच गरगर फिरते.

आता तुम्हाला सुचलं नसेल असं.

मोटारी. बॅकवॉटरच्या काठानं शेतकऱ्यांच्या मोटारी तराफ्यावर नाहीतर पाण्यात टाकलेल्या असतात. केबल पाण्यातून गेलेली, मध्ये टेप गुंडाळलेले जोड. थ्री फेजचा करंट आहे. मोटार आणि केबलपासून पन्नास फूट लांब, तिथं नांगर टाकायचा नाही, वल्ह्यानं केबल उचलून बघायची नाही. पाण्यात असताना अंगाला मुंग्या आल्यासारखं वाटलं तर पुढं जाऊ नका, आला त्याच बाजूनं मागं फिरा आणि ओरडा. काठावरच्यानं पहिल्यांदा स्टार्टर बंद करायचा, मग पाण्यात हात घालायचा. वाचवायला उडी मारली की दुसरा जातो. शिकवायचे तीन तास आसपासच्या मोटारी बंद ठेवायला शेतकऱ्यांशी आधी बोलून ठेवा, लाइटचं वेळापत्रक बघून. लोक ऐकतात.

खुंटं. धरण भरलेलं असताना पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट असते. ती उतरायला लागली की बुडालेल्या बाभळीचे खुंट, जुन्या गावांच्या भिंती, विहिरींचे कठडे पाण्याच्या वीतभर खाली येतात. दिसत नाहीत, फायबर मात्र फाडतात. दिवाळीत जी वाट मोकळी होती ती मार्चमध्ये मोकळी नसते. दर पंधरा दिवसांनी एकट्यानं सावकाश जाऊन बांबूनं चाचपायचं आणि खुंटाला रिकामा कॅन बांधून खूण करायची.

जाळी. तंगुसाचं, म्हणजे बारीक नायलॉन दोऱ्याचं जाळं पाण्यात दिसत नाही. वरती थर्माकोलच्या किंवा बाटल्यांच्या ओळी दिसल्या की त्यांच्यामधून वल्हवू नका, टोकाला वळसा घाला. वल्हं अडकलं तर उभं राहून ओढू नका, होडी त्याच बाजूला कलते. वल्हं सैल सोडा, मागं वल्हवा, नाही सुटलं तर कापा. होडीत छोटा विळा किंवा सुरा म्यानात घालून बांधलेला असावा. पाण्यात पडलेल्याच्या पायाला जाळं लागलं तर पाय झाडायचे नाहीत, झाडल्यानं आणखी गुंडाळतं.

गाळ. पाणी मागं सरकलं की काळ्या मातीचा रेंदा उरतो. वरून सुकलेला, भेगा पडलेला दिसतो, खाली मांडीपर्यंत मऊ. होडी तिथं लावून उडी मारली की पाय रुततो आणि माणूस हलत नाही. मुरमाड जागा शोधून तीच उतरायची जागा धरा. रुतलाच कुणी तर ओढाताण करू नका, त्याला मागं रेलून अंग पसरायला सांगा, दोन वल्ही आडवी टाकून त्यांवर वजन द्या, एकेक पाय गोल फिरवत काढा.

नदीच्या पात्रात शिकवणार असाल, धरणाच्या खाली, तर वाळूच्या खड्ड्यांकडं बघा. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल दोन पुरुष खोल जातं. खरं तर धरणाच्या खाली शिकवूच नका. जायकवाडीचे दरवाजे उघडायचे तर भोंगा वाजतो, पण चार-पाच कोस खाली तो ऐकू येत नाही.

---

गोदातीर_नांदेड

भोईदादांचं सगळं सोळा आणे. धरणाखालच्या बंधाऱ्यांबद्दल मात्र थोडं जास्त लिहायला हवं. हा भाग मराठवाड्यात सगळीकडं लागू आहे.

कोल्हापुरी बंधाऱ्यावरून पाणी पडत असतं, फार उंच नसतं, चार-पाच फूट. वरून बघितलं तर साधं वाटतं. पडणारं पाणी तळाला जाऊन पुढं उसळतं आणि पृष्ठभागावरचं पाणी परत भिंतीकडं ओढलं जातं. त्या पट्ट्यात पडलेली वस्तू भिंतीकडं येते, पाण्याखाली दाबली जाते, पुढं वर येते, परत ओढली जाते. लाकडाचा ओंडका तिथं तासन्‌तास गोल फिरताना दिसतो. शिवाय त्या पाण्यात हवेचे बुडबुडे इतके असतात की जॅकेटही पुरेसं उचलत नाही. वाचवायला गेलेली होडीही त्याच चक्रात जाते. वरच्या बाजूनं बंधाऱ्यापासून किमान दोनशे मीटर आणि खालच्या बाजूनं फेस संपतो त्याच्याही पुढं पन्नास मीटर, एवढा पट्टा वर्ज्य. काठावर दोन्हीकडं लाल कापडाची काठी रोवा. कुणी अडकलंच तर काठावरून दोर, दुसरा उपाय नाही.

आता होडी उलटल्यावरचं. क्रम पाठ करून घ्या, कमरेएवढ्या पाण्यात सराव करून.

पहिलं, होडी सोडायची नाही. काठ जवळ दिसतो, पण पाण्याच्या पातळीवरून अंतर निम्म्यानं कमी भासतं. बहुतेक जण होडी सोडून काठाकडं निघतात आणि वाटेत दमतात. होडी लांबूनही दिसते, डोकं दिसत नाही.

दुसरं, माणसं मोजायची. शिकवणारा मोठ्यानं आकडे म्हणतो, प्रत्येक जण आपला आकडा ओरडतो. एक कमी आला तर उलट्या होडीखाली हात घालून बघायचं, तिथं हवेचा कप्पा असतो आणि घाबरलेलं मूल तिथंच धरून बसतं.

तिसरं, सगळ्यांनी होडीच्या दोन्ही बाजूंना वाटून धरायचं, एका बाजूला सगळे लोंबकळले की ती फिरते. सगळ्यांत अशक्त मुलाला पालथ्या होडीवर चढवा. थंडी वाजत असेल तर गुडघे छातीशी घेऊन एकमेकांना चिकटून राहा. हिवाळ्यात पाण्यात अर्धा-पाऊण तास गेला की बोटं वळत नाहीत, म्हणून झालरीत मनगट घालून ठेवा.

चौथं, शिट्टी. तीन लांब, थांबा, परत तीन. प्लास्टिकची, आत गोळी नसलेली शिट्टी प्रत्येक जॅकेटला बांधा. गोळीची शिट्टी ओली झाली की वाजत नाही.

पाण्यात पडलेल्याला दुसऱ्या होडीत घेताना बाजूनं ओढू नका, होडी कलंडते. नाक वाऱ्याच्या तोंडावर ठेवून जवळ जा, मागच्या सपाट टोकावरून घ्या. त्याला काखेत धरा, "एक, दोन" म्हणत खाली-वर डुबकवा आणि "तीन"ला वर ओढा, पाण्याची उचल मिळते.

काठावरून वाचवताना क्रम असा: काठी किंवा वल्हं पुढं करा, नाही पोचलं तर दोर फेका, नाही जमलं तर होडीनं जा. उडी सर्वांत शेवटी, तीही तरंगणारी वस्तू हातात घेऊन. फेकायचा दोर पॉलिप्रॉपिलीनचा घ्या, २० मीटर. तो तरंगतो, नायलॉनचा बुडतो. टोकाला पाच लिटरचा रिकामा तेलाचा कॅन, आत पेलाभर पाणी, म्हणजे फेकताना नीट जातो. माणसाच्या डोक्याच्या पलीकडं फेका आणि ओढत त्याच्या हाताशी आणा, अंगावर नेम धरू नका.

बुडणारा माणूस सिनेमात ओरडतो. खरा बुडणारा ओरडत नाही, त्याला श्वासच पुरत नसतो. डोकं मागं, तोंड पाण्याच्या रेषेवर, हात बाजूला पाणी दाबताहेत, पाय मारत नाही. काठावर बसलेल्याला तो खेळतोय असं वाटतं. तो एका मिनिटाच्या आत खाली जातो. म्हणून काठावरच्या माणसाच्या हातात मोबाईल नको, दोर हवा.

बाहेर काढल्यावर. हाक मारा, खांदा हलवा. श्वास नीट चालू नसेल तर एक जण १०८ला फोन करेल, दुसरा लगेच सुरू करेल. पोट दाबायचं नाही, उलटं टांगायचं नाही, गोल फिरवायचं नाही. त्यानं पोटातलं अन्न-पाणी श्वासनळीत जातं आणि मौल्यवान मिनिटं जातात. हनुवटी वर, नाक दाबून, तोंडानं पाच श्वास, प्रत्येक एक सेकंद, छाती उचलली पाहिजे. बुडणाऱ्याला हवा कमी पडलेली असते म्हणून श्वास आधी. मग छातीच्या मधोमध ३० दाब, पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या लयीत, मग २ श्वास. रुग्णवाहिका येईपर्यंत हेच. तोंडातून फेस आला तरी पुसत बसू नका, चालू ठेवा. शुद्धीवर आला, "मी बरा आहे" म्हणाला तरी दवाखान्यात न्या. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देतं. खोकला, धाप, सुस्ती आली तर ती थकव्याची म्हणून सोडू नका.

---

भोईगल्ली

एक राहिलं. गणपतीला लोक अशाच होड्या मागायला येतील. मूर्ती सोडताना सगळे एकाच बाजूला वाकतात, मूर्ती काठावर टेकते, आणि मूर्ती पाण्यात गेली त्याच क्षणाला होडी झोक्यानं दुसरीकडं जाते. द्यायचीच तर होडीत चालवणारा सोडून फक्त दोन जण, मूर्ती मागच्या टोकावरून सोडायची, बाजूनं नाही, आणि दोघं बसून. नाथषष्ठीच्या गर्दीत तर होडी बाहेरच काढू नका.

---

हवापाणी_संभाजीनगर

परवानगीचंही बघा. नाथसागर १९८६पासून पक्षी अभयारण्य आहे, वन विभागाशी बोलल्याशिवाय सुरू करू नका. त्यांच्याकडून कुठल्या भागात, कुठल्या महिन्यांत जायचं नाही तेही कळेल. हिवाळ्यात उथळ पाण्यात स्थलांतरित पक्षी उतरतात, तुमच्याही कामाचं ते पाणी नाही, गाळ असतो.

---

गोदाकाठ_गंगापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. या आठवड्यात कॅन आणि झालर बांधतो, मग पाणी भरून परीक्षा. जॅकेटला ६ किलो बांधून आजच हौदात टाकलीत. काठावरच्या वहीत काय काय लिहावं, कुणी सांगेल का?

---

गोदातीर_नांदेड

होडीचा नंबर, प्रत्येकाचं नाव, घरचा फोन, निघायची वेळ, कुठपर्यंत जाणार, परत यायची वेळ. पोहता येतं की नाही. दमा किंवा फेफरं असेल तर ते. निघताना काठावरच्यानं प्रत्येकाच्या जॅकेटचे पट्टे ओढून बघून समोर सही करायची. परतल्यावर दुसरी सही. ठरलेल्या वेळेपेक्षा पंधरा मिनिटं उशीर झाला तर दुसरी होडी काढायची, तीस मिनिटं झाली तर ११२ला फोन. त्या आकड्यांवर चर्चा करायची नाही, "येतीलच आता" म्हणायचं नाही. दुसरी होडी त्यासाठी कायम काठावर, वल्ही कडीत घातलेली, मोकळी ठेवा. म्हणजे एका वेळी पाण्यात एकच होडी. पोरं कुरकुर करतील, पाळी लांबेल. तरी एकच.

---

गोदाकाठ_गंगापूर

हौदातली तीन जॅकेट सकाळी तळाला होती. पाच राहिली. नवी येईपर्यंत शिकवणी पुढं ढकलतोय.